ऑर्डेलच्या गोष्टीतली मुलगी

साठी उलटून गेली तरी ऑर्डेल लुंडच्या डोक्यावर दाट केस होते, आणि सेल्मर क्वालेला तेसुद्धा खुपत होतं. दात स्वतःचे, गाडी नवी, आणि आवाज असा की चर्चच्या शेवटच्या बाकावर डुलक्या घेणाराही दचकून जागा व्हावा. देवाने एका माणसाला एवढं सगळं द्यावं आणि वर सांगायला एक गोष्टही द्यावी, हे सेल्मरच्या मते जरा अतीच झालं होतं. त्यात ती गोष्ट ऑर्डेलची नव्हतीच. ती सेल्मरची होती. ती परत मिळावी, एवढ्या एकाच इच्छेने त्याला गेला सबंध हिवाळा आतून पोखरला होता.

दोघे लंगोटीयार. अमेरिकेतल्या मिनेसोटात, नॉर्डाल गावच्या एकाच शाळेत शिकले, एकाच पाद्र्याच्या हातून दीक्षा घेतली, आणि दुसऱ्या महायुद्धात नशिबाने एकाच पलटणीत पडले. परत आल्यावर सेल्मरने बापाच्या गाई सांभाळल्या आणि ऑर्डेलने ट्रॅक्टर विकले. गाईंशी फार बोलावं लागत नाही. ट्रॅक्टर विकायचे म्हणजे दिवसभर तोंड चालवावं लागतं. दोघांमधला फरक म्हटलं तर एवढाच.

व्हर्नाच्या हॉटेलात खिडकीजवळचं मोठं टेबल म्हाताऱ्यांचं. सकाळची धार काढून, किंवा गोठा मुलाच्या हवाली केला असेल तर नुसती दाढी करून, सगळे तिथे जमायचे, चामड्याच्या पेल्यात फासे खुळखुळवायचे, आणि ज्याचं दान सर्वांत हलकं पडेल त्याने सगळ्यांना कॉफी पाजायची. मे महिना नुकता लागला होता. त्या सकाळी दान सेल्मरचं हुकलं होतं, आणि त्याच सकाळी ऑर्डेल बातमी घेऊन आला. युद्ध संपून चाळीस वर्षं झाली म्हणून यंदा मेअखेरच्या, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाला कबरस्तानातलं मुख्य भाषण माजी सैनिकांच्या मंडळाने त्याला दिलं होतं. आजवर ते भाषण पाद्री करायचे, नाहीतर राजधानीतून, सेंट पॉलहून कोणी पुढारी यायचा. गावातल्या माणसाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता.

टेबलावरच्या सगळ्यांनी ऑर्डेलची पाठ थोपटली. व्हर्ना किटली घेऊन आली आणि म्हणाली, "आता तुला मगात कॉफी देऊन चालायचं नाही बाबा. कपबशी काढावी लागणार." ऑर्डेल खुशीत हसला. सगळे दात दिसले.

"आणि तू का रे एरंडेल प्यायल्यासारखा बसलायस?" व्हर्नाने सेल्मरला विचारलं. "आज तुझ्या खिशाला भोक पडलं म्हणून?"

कॉफी कडू झाली आहे, असं सेल्मर म्हणाला. कॉफी रोजच्यासारखीच होती.

ऑर्डेलची गोष्ट आता आख्ख्या तालुक्याला पाठ होती. दर वसंतात तो ती शाळांमध्ये सांगायचा, वर्तमानपत्रात त्याचा फोटो यायचा. गोष्ट अशी. एप्रिल संपत आला होता आणि जर्मनीत, बव्हेरियात अवेळी बर्फ पडत होतं. पलटण एका रानातून चालली असताना आधी वास आला आणि मग नाझींच्या एका छळछावणीचं काटेरी तारांचं कुंपण दिसलं. पहारेकरी पळून गेले होते. आत अर्ध्या जमिनीत गाडलेल्या झोपड्या होत्या आणि बाहेर चिखलात माणसं पडली होती. त्यातली कोण जिवंत आणि कोण नाही, हे वाकून पाहिल्याशिवाय कळत नव्हतं. एका झोपडीच्या भिंतीला टेकून एक मुलगी बसली होती. वय बारा असेल, नाहीतर वीस. तिला बोलताही येत नव्हतं. ऑर्डेल तिच्यासमोर चिखलात बसला, खिशातलं चॉकलेट दाताने फोडून दिलं, मांसाचा डबा उघडला आणि तळहातावर घेऊन घास घास भरवला. डबा रिकामा झाला. मग तिने त्याचा अंगठा मुठीत धरला आणि काही केल्या सोडेना.

"आज ती कुठेतरी आजी झाली असेल," ऑर्डेल शेवटी म्हणायचा. "नातवंडांना दटावत असेल, ताटातलं सगळं संपवा म्हणून." इथे बायका रुमाल काढायच्या.

सेल्मरने ही गोष्ट ऑर्डेलच्या तोंडून ऐकली नव्हती; तो शाळांमध्ये युद्धाचं काहीतरी सांगतो, एवढंच त्याला माहीत होतं. ती त्याला स्वतःच्या बायकोने सांगितली. गेल्या शरदात चर्चच्या महिला मंडळात ऑर्डेलला बोलावलं होतं. आर्लिस तिथून घरी आली ती डोळे सुजवूनच. अंगातला कोटही न काढता ती स्वयंपाकघरात टेबलापाशी बसली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. अंगठ्याशी आल्यावर कसं धरलं ते दाखवायला म्हणून तिने नवऱ्याचाच उजवा अंगठा मुठीत आवळला. तोच अंगठा. सेल्मर हात न हलवता बसून राहिला.

"तूही होतास ना रे तिथे?" तिने विचारलं. "तुला नाही का असं कोणी दिसलं?"

"मी मागे होतो," सेल्मर म्हणाला. खरं तर मागे ऑर्डेल होता.

तेव्हापासून त्याच्या पोटात दुखायला लागलं ते थांबेना. गावाने ऑर्डेलला डोक्यावर घेतलं याचं त्याला फारसं काही नव्हतं. गाव कोणालाही डोक्यावर घेतं. पण आर्लिस ऑर्डेलकडे ज्या नजरेने पाहायला लागली होती, ती नजर इतक्या वर्षांच्या संसारात सेल्मरच्या वाट्याला एकदाही आली नव्हती. चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी केक कापताना तिची सुरी ऑर्डेलच्या तुकड्याशी आली की जरा पलीकडे सरकायची. सेल्मरचं त्यावर बारीक लक्ष असायचं. एकदा तर तिने ऑर्डेलला घरी न्यायला लेफ्सा बांधून दिल्या. सणाला करतात त्या बटाट्याच्या पोळ्या, साखर-लोणी लावून गुंडाळलेल्या, आणि तेही सणबीण काही नसताना. घरी सेल्मरने मागितल्या तेव्हा संपल्या म्हणाली.

मग तो सरळ सांगून का टाकत नव्हता? ती मुलगी मला दिसली होती, तो हात माझा होता, इतकं म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण गोष्ट अर्धीच परत घेता येत नव्हती. घ्यायची तर सगळी घ्यावी लागली असती, आणि उरलेली अर्धी ऑर्डेलला माहीतच नव्हती.

ती अर्धी त्याला माहीत नव्हती, याला कारणही सेल्मरच होता. युद्ध संपलं त्या उन्हाळ्यात त्यांची पलटण बव्हेरियातल्या एका खेड्यात पडून होती. दोघे एका शेतकऱ्याच्या माळ्यावर गवतात झोपायचे. एका संध्याकाळी त्या शेतकऱ्याने आलुबुखाराची घरगुती दारू दिली, आणि जो सेल्मर शुद्धीत चार शब्द धड बोलत नसे तो बोलायला लागला. झोपडी, भिंत, चॉकलेट, डबा, सगळं सांगितलं. अंगठ्याशी आला आणि तिथेच थांबला. ऑर्डेलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, बस, बस, वाचवलंस ना तिला. सेल्मर काहीच बोलला नाही. न बोलण्याचा अर्थ ऑर्डेलने आपल्या मनाने लावला.

ती वाचली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्मर आणखी एक डबा घेऊन त्या भिंतीपाशी गेला, तेव्हा ती तिथेच आडवी पडली होती. बाकी सगळी हाडं आणि पोट तेवढं टम्म फुगलेलं. एक डॉक्टर मेजर झोपड्यांमधून धावत ओरडत होता की त्यांना कोणी काही खायला देऊ नका, इतके दिवस उपाशी असलेल्या पोटाला आपलं अन्न विष आहे, रात्रीपासून माणसं पटापट मरताहेत. अन्न सगळ्याच पोरांनी दिलं होतं. ज्याच्या खिशात जे होतं ते त्याने काढून दिलं होतं. वाईट कोणाच्याच मनात नव्हतं, आणि त्यांना माहीत तरी कुठे होतं. त्यांच्यात शहरातली पोरं होती, दुकानात कामं केलेली होती, कॉलेजातून उचललेली होती.

पण सेल्मरला माहीत होतं. गाईंच्या घरात वाढलेल्या कोणालाही ते माहीत असतं. खंगलेलं वासरू हाती आलं की पहिल्या दिवशी त्याला पोटभर दूध पाजायचं नसतं. कोमट पाण्यात थोडं दूध, बोट चोखवून, थोडं थोडं, आणि ते हंबरलं तरी मन घट्ट करायचं. बापाने त्याला हे लहानपणी शिकवलं होतं, एकदा न ऐकल्याबद्दल थोबाडीतही दिली होती. ज्या हाताने त्याने कितीतरी वासरं जगवली, त्याच हाताने त्या दिवशी आख्खा डबा भरवला. समोर माणसाची पोर होती, तिचे डोळे तसे होते, आणि त्याला गोठा आठवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवला.

आता या गोष्टीत हेवा करण्यासारखं काय आहे, असं कोणी म्हणेल. सेल्मरही स्वतःला तेच विचारायचा. पण त्याचा जळफळाट जसा मुरत गेला तसा त्याला कळलं की टाळ्या आणि केक हे निमित्त आहे. ऑर्डेलच्या तोंडी ती मुलगी वाढत होती. पहिल्या वर्षी शाळेत तो म्हणाला होता की ती बरी झाली असेल; सेल्मरने जुनी वर्तमानपत्रं काढून पाहिली होती. मग तिचं लग्न झालं, मग मुलं झाली, आता ती आजी होती आणि चष्मा लावून लोकर विणत होती. सेल्मरची मुलगी मात्र त्या भिंतीपासून हातभरही पुढे सरकली नव्हती. एकाच मुलीची दोघांत वाटणी झाली होती, आणि जिवंत होती ती ऑर्डेलच्या वाट्याला गेली होती.

भाषणाच्या बातमीनंतर दोन दिवसांनी आर्लिस स्वयंपाकघरात गुणगुणत केकच्या साच्याला लोणी लावत होती. स्मृतिदिनानंतर चर्चच्या तळघरात जेवण असतं, त्यासाठी काय काय करायचं ते तिने ठरवलं होतं. सेल्मर दारात उभा राहून बघत होता.

"ऑर्डेलला सफरचंदाचा आवडतो," ती म्हणाली. "तुझी मंडळाची टोपी काढून ठेव. इस्त्री करते. त्याच्या शेजारीच बसायचंय तुला."

सेल्मरला राहवलं नाही. तो म्हणाला की ऑर्डेल त्या दिवशी छावणीच्या आत आलाच नव्हता, बाहेर ट्रकपाशी होता, कोणालाही विचार.

आर्लिसने हात थांबवला. "कोणाला विचारू? तुमच्या पलटणीतले आपल्या गावात तुम्ही दोघेच." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तिच्या आवाजात कीव आली. ती कीव त्याला शिवीपेक्षा लागली. "जळू नकोस रे, सेल्मर. या वयाला शोभत नाही. एखाद्याच्या हातून होतं चांगलं काम, एखाद्याच्या नाही होत. तू काही वाईट माणूस नाहीस."

सेल्मर गोठ्यात गेला. गाई मुलाच्या नावावर केल्यापासून तिथे त्याला काही काम नव्हतं. तरी तो बराच वेळ तिथे होता.

मिनेसोटात मेच्या मध्यावर एका शनिवारी मासेमारी खुली होते, आणि त्या दिवशी घरात बाळंतपण निघालं तरी पुरुषमाणूस तळ्यावर जातो. सेल्मर आणि ऑर्डेल परत आल्यापासून दर वर्षी एकाच नावेतून जात आले होते. नाव सेल्मरची, इंजिन ऑर्डेलचं. नावेत बोलायचं नाही असा त्यांचा न बोलता ठरलेला नियम होता. सेल्मरला वर्षातला हा एकच दिवस ऑर्डेल मनापासून आवडायचा.

त्या वर्षी पाणी अजून बर्फासारखं होतं आणि मासा लागत नव्हता. ऑर्डेलने दोनदा गळ बदलला आणि मग म्हणाला की जरा ऐक, भाषण कसं जमलंय सांग. सेल्मर नको म्हणायच्या आत त्याने सुरुवातही केली. रान, वास, कुंपण. तळ्यावर त्याचा आवाज घुमत होता. दूरच्या नावेतल्या एकाने मान वळवून पाहिलं. झोपडी आली, भिंत आली, डबा आला. ऑर्डेलने हात पुढे केला, अंगठा वर केला.

"ऑर्डेल," सेल्मर म्हणाला, "ती मुलगी माझी आहे."

ऑर्डेलचा हात तसाच राहिला. मग त्याने तो खाली घेतला. "माहीत आहे," तो म्हणाला.

सेल्मर नाही-होय, शपथा, भांडण, सगळ्याच्या तयारीने आला होता. यासाठी त्याची तयारी नव्हती. "माहीत आहे? आणि तोंड वर करून गावभर सांगत फिरतोस?"

"तू सांगत नव्हतास."

"म्हणून तू उचललीस? उद्या मी माझ्या गाईची धार काढली नाही तर दावं सोडून घेऊन जाशील?"

"गाय असती तर परत आणून बांधली असती रे." ऑर्डेल पाण्याकडे बघत होता. त्याचा तो विक्रीचा आवाज कुठे गेला कोण जाणे. "मी आत आलोच नव्हतो. तुला ठाऊक आहे ते. ट्रकच्या चाकाशी बसून ओकत होतो. सार्जंट हाका मारत होता आणि मी हललो नाही. त्या दिवसातलं माझ्याकडे काय आहे सांगू? चाक. चिखलाने भरलेलं एक चाक. शाळेतल्या मास्तरीणबाईंनी विचारलं, तुम्ही काय पाहिलंत, तेव्हा मी चाकाचंच सांगायला तोंड उघडलं होतं. तोंडातून ती मुलगी बाहेर पडली."

सेल्मरने गळ वर ओढला आणि पुन्हा पाण्यात सोडला. ऑर्डेलच पुढे बोलत राहिला. "मला तुझा किती हेवा वाटायचा, तुला कल्पना नाही. परत येताना जहाजावर मी तुझ्याशी धड बोलत नव्हतो, आठवतं? तुला वाटलं बोट लागली. तू त्या नरकातून एकीला तरी स्वतःच्या हाताने बाहेर काढलंस. तुला रात्री झोप लागत असेल. मला वाटायचं, एवढं सगळं याला मिळालं आणि हा ते तोंडातून काढतसुद्धा नाही. कंजूष कुठला."

सेल्मरच्या जिभेवर ते आलं होतं. एका वाक्याचं काम होतं. ती सकाळी मेली होती, ऑर्डेल, आणि मी मारली. एवढं म्हटलं असतं तर ऑर्डेलच्या चष्मेवाल्या आजीचा तिथेच निकाल लागला असता, आणि खरं सांगायचं तर हिवाळाभर अंथरुणात पडल्या पडल्या सेल्मरने नेमकं हेच सुख कितीदा तरी घोळवलं होतं.

"दोन वर्षांमागे हृदयाच्या ऑपरेशनला आत नेत होते ना," ऑर्डेल म्हणाला, "तेव्हा पाद्री शेजारी होते, पण मला ती आठवली. म्हटलं, ती जगली ना, मग आपणही जगू." त्याने नाक पुसलं. "तुझी तू घे आता. स्मृतिदिनाला मी उभा राहून सांगतो की गोष्ट सेल्मरची आहे, मी खोटं बोललो. लाज वाटेल. वाटू दे. पण मग तू उठ आणि सांग. नीट, शेवटपर्यंत सांग." मग तो म्हणाला, "एक विचारू? तू तिला शोधलं का नाहीस रे? मी असतो तर शोधून काढलं असतं."

सेल्मर म्हणाला की थंडी वाजते आहे, परत जाऊ.

त्याला नको म्हणता आलं असतं. कबरस्तानात जायच्या दिवसापर्यंत कधीही फोन उचलून, राहू दे, तूच सांग, असं म्हणता आलं असतं. रोज सकाळी तो फोनजवळ जायचा आणि आर्लिसची ती नजर डोळ्यांपुढे यायची. ती आपल्याकडे वळणार, एकदा तरी वळणार, ही हाव इतकी मोठी होती की पुढचा विचार तिच्यापुढे टिकायचा नाही.

स्मृतिदिनाला वारा होता. कबरींवर लावलेली छोटी निशाणं फडफडत होती आणि घडीच्या खुर्च्यांवर सगळं गाव टोप्या धरून बसलं होतं. ऑर्डेल उभा राहिला. त्याने कागद खिशातून काढलाच नाही. आपण तालुकाभर सांगत आलो ती गोष्ट आपली नाही, आपण त्या दिवशी कुंपणाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं, असं त्याने सगळ्या गावासमोर सांगितलं. ती मुलगी सेल्मर क्वालेची आहे, आणि तो गप्प राहणारा माणूस आहे म्हणून आपण तिला चोरलं, असंही सांगितलं. बोलताना त्याची मान खाली होती. खुर्च्यांमध्ये कुजबुज झाली. व्हर्नाने तोंडावर हात ठेवला. आणि सेल्मरच्या शेजारी बसलेल्या आर्लिसने हळूच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

अगदी तीच नजर. हिवाळाभर ज्या नजरेसाठी तो तळमळला होता ती, आणखी ओली.

सेल्मर उठून पुढे गेला. त्याला ऑर्डेलसारखं सांगता येत नव्हतं. तो अडखळत होता, मधेच थांबत होता, पण कोणी खोकलंसुद्धा नाही. ऑर्डेलला माहीत नसलेल्या कितीतरी गोष्टी त्याने सांगितल्या. तिच्या कानामागे खरूज होती. डबा उघडताना पत्र्याने आपलं बोट कापलं आणि तिने ते रक्तही मांसाबरोबर चाटलं. तिची जीभ वासराच्या जिभेसारखी खरखरीत होती. तिने अंगठा धरला तेव्हा तिच्या मुठीत जोर काहीच नव्हता, तरी तो सोडवून घ्यायला आपल्याला जमेना, शेवटी सार्जंटने ओढून नेलं. इतकं सांगून तो थांबला.

आता उरलेलं सांगायचं होतं. ते घशापर्यंत आलंही होतं. त्याने पहिल्या रांगेकडे पाहिलं. सगळ्या गावासमोर आपलं नाक कापून घेतलेला ऑर्डेल तिथे गुडघ्यांवर हात ठेवून, पुढे वाकून बसला होता. शंभरदा स्वतः सांगितलेल्या गोष्टीचा शेवट ऐकायला तो असा वाट बघत होता, जणू सेल्मरच्या तोंडून निघाल्याशिवाय तो खरा होणार नव्हता. त्याच्या पलीकडे आर्लिस होती.

"जगली," सेल्मर म्हणाला. "ती जगली."

ऑर्डेलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग मंडळाच्या लोकांनी बंदुकांची सलामी दिली, आणि नंतर सगळ्यांनी रांग लावून सेल्मरचा उजवा हात हातात घेतला. तळघरात त्याला कोणी उठू दिलं नाही, बसल्या जागी सगळं आणून दिलं. ऑर्डेल त्याच्याजवळ येऊन फक्त एवढंच म्हणाला, "मेहेरबानी तुझी." गाव ऑर्डेलला थोडे दिवस टोमणे मारणार होतं आणि मग विसरणार होतं, हे त्याच्याकडे पाहून कळत होतं. तो मोकळा दिसत होता. भिंतीपाशीच्या त्या सकाळबद्दल आता सेल्मरला कोणापाशीच तोंड उघडता येणार नव्हतं. बायकोपाशी नाही, मित्रापाशीही नाही. कालपर्यंत निदान ते कधीतरी सांगता येण्यासारखं तरी होतं.

घरी जाताना त्याने आर्लिसला गाडी चालवायला सांगितलं. गावाबाहेर रस्ता सरळ लागल्यावर तिने एक हात काढून त्याच्या हातावर ठेवला. असा हात तिने कित्येक वर्षांत ठेवला नव्हता.

"मी तुला म्हटलं होतं, जळू नकोस," ती म्हणाली. "मेल्याहून मेल्यासारखं झालं मला तिथे. इतकी वर्षं अशा माणसाशी संसार केला आणि मला पत्ता नाही. का रे नाही सांगितलंस?"

सेल्मरने आपल्या बाजूची काच खाली केली. चौकात गाडी थांबली तेव्हा तिने वळून पुन्हा त्याच्याकडे पाहिलं, डोळे भरून, अगदी त्याला हवं होतं तसं. ती पाहत होती तो माणूस सेल्मरच्या जागेवर बसला होता, त्याने सेल्मरचाच कोट घातला होता आणि त्याने एका मुलीचा जीव वाचवला होता. सेल्मरला त्याचा असा काही हेवा वाटला की तसा ऑर्डेलचाही कधी वाटला नव्हता. ऑर्डेलशी निदान नावेत बसून भांडता आलं होतं. याच्याबरोबर आता घरी जायचं होतं, आणि उरलेली वर्षं आर्लिस त्याच्याशीच संसार करणार होती.